भोपळ्याचं सूप

बाबांनी पुन्हा भोपळ्याचं सूप मागवलं आणि ठकूने हातातलं कणीस खाली ठेवलं.

खानावळीच्या मावशींनी त्या दुपारी काय मांडलं नव्हतं! भाजलेली मक्याची कणसं, तव्यावर कुरकुरीत केलेले बटाटे, शेंगदाणे पेरलेली काकडी, आणि तो कडक पाव, मोडला की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायचा असा. एके काळी यातलं काही बाबांच्या तावडीतून सुटलं नसतं. आता समोर वाडगा होता आणि त्यात चमचा नुसता गोल गोल फिरत होता.

"कणीस घ्या की बाबा. अगदी कोवळं आहे."

"नको गं. हल्ली हलकंच बरं वाटतं."

"पोटात दुखतंय का?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

हे 'छे' ठकूने आधीही ऐकलं होतं, आईच्या तोंडून. आई पोटावर हात दाबून भाजी चिरायची आणि विचारलं की 'छे' म्हणायची. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी हात टेकले. या घराण्यात 'दुखतंय' म्हणणं म्हणजे चारचौघांत मोठ्याने ढेकर देण्यासारखं होतं. आजोबा मोडलेल्या पायाने 'जरा लचकलाय' म्हणत चालत घरी आले होते, आणि त्यावर कुणी त्यांना वेड्यात काढलं नाही. उलट ती गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगायची पद्धत होती. असल्या कौतुकानेच आई गेली, असं ठकूला वाटायचं. पण हे ती कुणाला बोलली नव्हती. तीही त्याच घरातली.

आणि आता बाबा वाळत चालले होते. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली होती, सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल हलत होती. ठकूने त्यांना पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, फोटो काढले. काही सापडलं नाही. त्याने तिला धीर यायला हवा होता, पण आईच्या वेळीही सुरुवातीला काही सापडलं नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर शहराची बस चालवली होती. कुठल्या थांब्यामागे कुठली खानावळ, कुठे भाजी ताजी आणि कुठे कालची, सगळं त्यांना तोंडपाठ. घर पक्कं शाकाहारी, त्यामुळे नव्या जागी गेले की आधी आत डोकावून, रश्शात काय काय घातलंय याची उलटतपासणी व्हायची आणि मगच चमचा उचलला जायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठकूच्या दुपारच्या जेवणाचा ताबाच घेतला. बहुतेक दिवशी ते स्वतः रांधून डबा घेऊन तिच्या कामाच्या जागी यायचे आणि मागच्या पायरीवर बसून दोघं जेवायचे. आठवड्यातून एकदा-दोनदा खानावळ. त्या वेळचे बाबा बघण्यासारखे असत. जेवताना बोलायचे नाहीत, आणि जेवून झाल्यावर थांबायचे नाहीत. वांगं जरा जास्त भाजलं इथपासून मावशींनी मिरची बदलली इथपर्यंत सगळ्याचा समाचार घेतला जायचा. आई गेल्यावर ते घर पुन्हा उभं राहिलं ते या जेवणांवर.

आता ठकूचं काम काय, तेही सांगायला हवं. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांच्या जबड्यांचे साचे. ठकू कितीतरी वर्षं दाराजवळच्या टेबलावर प्लास्टर कालवत होती. खिडकीचं टेबल मिळायचं ते पूर्ण कवळी एकहाती करणाऱ्याला. बाबांचे उरलेसुरले दात काढावे लागले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वडिलांची कवळी तूच कर. नीट बसली तर खिडकी तुझी."

ठकूने जीव ओतून ती केली. बसवली त्या दिवशी बाई शेजारी उभ्या होत्या. बाबांनी जबडा उघडला, मिटला, आरशात पाहिलं आणि डब्यातलं एक अख्खं गाजर काढून सगळ्यांसमोर कडाकडा चावून खाल्लं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकीने बापाला दात दिले हो," म्हणाले. बाईंनाही गहिवरून आलं. दुसऱ्या दिवशी ठकूचं सामान खिडकीजवळ गेलं.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलंच असेल. ठकूला कळलं नाही. जी दिवसभर दुसऱ्यांच्या हिरड्यांचे साचे उजेडात धरून बघायची, तिने बाबांचं पोट तपासलं, रक्त तपासलं, झोपेत त्यांचा श्वास कसा चालतो तेही ऐकलं. तोंडात डोकावायचं तिच्या मनातही आलं नाही. तिथलं काम तिने केलं होतं ना, मग तिथे काय असणार?

सुपाच्या त्या दुपारनंतर दोन दिवसांनी बाबांचा डबा आलाच नाही. फोनवर म्हणाले, "आज जरा पडून राहतो, तू खानावळीत खाऊन घे." ठकूने मावशींकडून सूप बांधून घेतलं आणि ती तडक घरी निघाली. वाटेत ती स्वतःला बजावत होती की आज काही झालं तरी मोठ्या इस्पितळात न्यायचं, ऐकून घ्यायचं नाही.

आपल्या किल्लीने दार उघडून ती आत आली. बाबा पडलेले नव्हते. ते स्वयंपाकघरात पाठमोरे बसून जेवत होते. नुसते जेवत नव्हते, ताव मारत होते. मक्याचे दाणे खलबत्त्यात कुटून घेतले होते, बटाटे काट्याने चेचले होते, पाव दुधात भिजवला होता, आणि प्रत्येक घासाबरोबर मान समाधानाने डुलत होती. खिडकीत पाण्याच्या पेल्यात कवळी ठेवलेली होती.

"बाबा."

ते दचकून वळले आणि त्यांनी हाताने तोंड झाकलं. पण तिने पाहायचं ते पाहिलं होतं. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. सकाळी पाहिलेल्या बाबांपेक्षा हा माणूस कितीतरी म्हातारा होता.

"अगं, तू कशी काय आत्ता?" ते तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि पेल्यातली कवळी घाईघाईने लावायला गेले. खालची बसवताना त्यांचा डोळा किंचित मिटला. एवढंसंच. पण ठकू हे रोज अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर बघत होती.

"काढा ती. तोंड उघडा."

"राहू दे गं, जेवण निवतंय."

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडलं. ठकूने त्यांना उजेडाकडे वळवलं. खालच्या हिरडीला डाव्या बाजूने, गालाच्या आत, कवळीच्या कडेने खोल चीर पाडली होती. भोवती लाल, मध्ये पांढरट. एका दिवसाची नव्हे, महिन्यांची. कड जराशी उंच राहिली होती. तिच्याच हातून राहिली होती.

"कधीपासून?"

बाबा चेचलेले बटाटे पुन्हा चेचू लागले.

"पहिल्या दिवसापासून? ते गाजर खाल्लंत तेव्हापासून?"

"तुझा चेहरा बघितला होता मी," बाबा म्हणाले. "बाई शेजारी उभ्या. खिडकीचं टेबल. काय सांगणार होतो मी, की लेकीचं काम फसलं?"

ठकूला इतका संताप यापूर्वी कधी आला नव्हता. "मला वाटलं आईसारखं होणार!" ती ओरडली. "तुम्ही सूप ढवळत बसायचात आणि मी समोर बसून तुमचे दिवस मोजायची! कळतं का तुम्हाला?" संतापाच्या खाली तिला हायसंही वाटत होतं, पोटात काही नाही म्हणून. आणि बापाच्या तोंडातली जखम बघून हायसं वाटतं याची तिला लाज वाटली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. बाबांनी आधी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग हळूच बटाट्याची ताटली तिच्याकडे सरकवली. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"बाईंना सांगू नकोस," ते म्हणाले. "टेबल जाईल तुझं."

"जाऊ दे."

टेबल गेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं, असं ठकूला झालं. त्यांनी जखम बराच वेळ पाहिली. कवळी बंद ठेवायची, आणि तरीही जखम भरली नाही तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवायचा, एवढंच सांगितलं. तुकडा कशासाठी पाठवतात ते ठकूला ठाऊक होतं. ती पुन्हा दाराजवळ प्लास्टर कालवायला बसली, आणि रोज संध्याकाळी बाबांना दिव्याखाली बसवून तोंडात बघायची. बाबा रोज म्हणायचे, "आता मुळीच काही नाही." ती म्हणायची, "तुम्ही बोलूच नका." त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास राहिला नव्हता, आणि पोटच्या पोरीने असं वागावं हे त्यांना आतून लागत होतं. पायरीवर डबा यायचा, मऊ आणि चवदार, पण जेवून झाल्यावर बाबा त्यावर काही बोलायचे नाहीत.

जखम भरली. सावकाश, पण भरली. बाईंनी ठकूलाच पुन्हा माप घ्यायला लावलं. नवी कवळी तयार झाली, बसवली, आणि बाबांनी जबडा हलवून आरशात पाहिलं.

"झकास!" ते म्हणाले.

बाई हसल्या. ठकूच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हा शब्द, हे हसू, सगळं तिने एकदा पाहिलं होतं. खोटं असेल तर तिला कसं कळणार? आणि खरं असेल तरी कसं कळणार?

दुपारी दोघं खानावळीत गेली. गर्दीची वेळ होती, मधलं एकच टेबल मिळालं. बाबांनी कडक पाव आणि वाटाण्याची उसळ मागवली. ठकूने काय मागवलं ते तिलाही आठवत नव्हतं. तिने ताटाला हात लावला नाही, ती त्यांच्या जबड्याकडे बघत बसली.

बाबांनी पावाचा घास तोडला. चावला. चेहऱ्यावर हसू आणलं. पुन्हा चावला. मग हसू तसंच धरून त्यांनी ठकूकडे पाहिलं, तिच्या न शिवलेल्या ताटाकडे पाहिलं, आणि ते हसू त्यांना पेललं नाही. पाव त्यांनी खाली ठेवला.

"दुखतंय," ते हळू म्हणाले.

ठकू ऐकायला पुढे झुकली.

"दुखतंय म्हटलं ना!" आता आवाज चढला. "उजवीकडे, पार मागे. काय बनवलंयस गं हे? माणसाने दुपारी सुखाने दोन घास खायचे की नाही?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पावाबद्दलच काही तक्रार असणार म्हणून मावशी हात पुसत बाहेर आल्या.

"द्या इकडे," ठकू म्हणाली आणि हात पुढे केला.

भर खानावळीत, सगळ्यांच्या देखत, बाबांनी कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती रुमालात गुंडाळली आणि खुर्ची ढकलून कामाच्या खोलीकडे धावत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अगं, जेवून तर जा!" बाबा बोळक्या तोंडाने मागून ओरडत होते.