बशीतली बॅटरी

तालुक्याच्या कचेरीने दोन खोकी पाठवली. चाळीस घरांसाठी नवी यंत्रं, धूर आणि कोळशाचा विषारी वायू ओळखून ओरडणारी. जुन्यांना दहा वर्षं झाली, मुदत संपली. ती काढायची, नवी बसवायची आणि घरातल्या माणसाला यंत्राखाली उभं करून फोटो काढायचा. फोटो नाही तर काम झालं नाही, असं पत्रात बजावलं होतं. हे करणार कोण? गावप्रमुख, म्हणजे मी. चार वर्षांपूर्वी कोणीच तयार होईना म्हणून हा मान माझ्या गळ्यात पडला, आणि तेव्हापासून माझा उजवा गुडघा मला शिव्या देतो आहे.

मुदत संपलेलं यंत्र गप्प बसत नाही. मिनिटाला एकदा ‘टुक’ करतं. सगळी एकाच वर्षी बसवलेली, त्यामुळे सगळ्यांची टुकटुक एकाच आठवड्यात सुरू झाली. सकाळी सहापासून फोन.

“हेरिमच्या आई, तुझ्या या पोपटाला दाणे तरी घाल!” म्हातारा बानशिक फोनवर ओरडला. हेरिम माझी मुलगी. लग्न करून बुसानला गेली त्याला सहा वर्षं झाली, पण गावात मी अजून तिचीच आई. “बायको गेल्यापासून एवढं कोणी बोललं नव्हतं माझ्याशी.”

“काका, आज अकरा घरं आहेत. उद्या येते.”

“उद्यापर्यंत केरसुणीने निकाल लावतो त्याचा.”

तिसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावरून उतरताना गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खिशात फोन वाजतच होता. माझं डोकंच फिरलं. तशीच लंगडत समाजघरात गेले आणि गावाचा भोंगा लावला.

“मंडळी, ऐका. यंत्र ओरडलं तर घाबरू नका. जुनं झालंय म्हणून ओरडतंय. मागची बॅटरी काढून ठेवा. मी यादीप्रमाणे येतेच आहे.”

फोन बंद झाले. घरी येऊन मी निवांत बसून सातूचा चहा प्यायले. हे आधीच का सुचलं नाही, असं वाटलं.

यादीत शेवटचं नाव सामचोकवाल्या काकूंचं. माहेर सामचोकचं म्हणून हे नाव. वय चौऱ्याऐंशी, घरात एकट्या, घर चढणीच्या पार टोकाला. फरशीखाली ऊब धरायला भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या जाळणारी गावात आता चारच घरं उरली आहेत, त्यातलं हे एक. खरं तर सुरुवात त्या चार घरांपासून करायला हवी होती. पण मी यादी गुडघ्याच्या सोयीने केली होती, खालून वर.

रात्री जोरदार बर्फ पडला. सकाळी काकूंचा फोन.

“हेरिमच्या आई, तुझ्याकडे मुळ्याच्या लोणच्याचं पाणी आहे का गं? माझं संपत आलंय.”

“आहे की. पण काकू, आज वर यायला जमायचं नाही हो. रस्ता बघितलात ना?”

“नको, नको, घाई नाही. जरा डोकं जड झालंय, मळमळतंय. दोन वाट्या प्याले, पण उतार नाही.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. माझ्या वयाच्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. लहानपणी कोळशाचा वायू लागला की आई आम्हाला फरफटत अंगणात आणायची आणि मुळ्याचं गार पाणी घशात ओतायची. काकूंचं डोकं विसरलं असेल, पण शरीराने ओळखलं होतं.

“काकू, यंत्र ओरडलं का?”

“ओरडलं ना, पहाटे. पण तू सांगितलं होतंस, म्हणून मी बॅटरी काढून…”

“दार उघडा! काकू, आत्ताच्या आत्ता बाहेर या!”

“अगं बाहेर बर्फ आहे, बाई…”

मग नुसता खडखडाट. त्यानंतर काही नाही.

बानशिककाकांचं घर चढणीच्या मध्यावर. मी त्यांना फोन केला आणि स्वतः निघाले. गुडघा दुखला की नाही, मला आठवत नाही. तीन ठिकाणी पडले एवढं आठवतं. वर पोचले तेव्हा काकांनी दार सताड उघडून काकूंना ओट्यावर ओढून आणलं होतं. ओठ लाल, डोळे अर्धे उघडे, पण श्वास होता. छपरावरून घसरलेल्या बर्फाने धुराड्याचा सांधा निखळला होता. काका लगेच ट्रक काढायला गेले.

काकूंचं पांघरूण घ्यायला मी आत गेले. भिंतीवर जुनं यंत्र मुकं होतं. खाली फडताळावर एक बशी, तिच्यात बॅटरी, मला लगेच सापडावी म्हणून रुमालावर नीट ठेवलेली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी काकूंच्या नाकावरची नळी निघाली. मी विचारलं, “मधूनमधून टुक करत होतं की सलग?”

“सलग गं. तान्ह्या पोरासारखं. मलाही वाटलं, काहीतरी असेल. पण तू भोंग्यावर सांगितलेलं.” त्या हसल्या. “मी यंत्राचं ऐकू की तुझं?”

एखादी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. मी तोंड फिरवून रडले.

गावात परतल्या परतल्या पुन्हा भोंगा लावला. “मंडळी, परवा मी सांगितलं ते चूक होतं. मी दमले होते म्हणून सांगितलं. यंत्र ओरडलं की आधी घराबाहेर पडा, मग मला फोन करा. कितीही वेळा करा.” त्या संध्याकाळी नऊ म्हातारी माणसं टुकटुक ऐकून बाहेर पडली आणि थेट माझ्या घरी आली. मी सगळ्यांना शेवया करून घातल्या, आणि एकेकाच्या घरी जाऊन आले.

आठ दिवसांनी काकू घरी आल्या. धुराडं दुरुस्त करून घेतलं होतं. मी नवं यंत्र बसवलं आणि पत्रात सांगितल्याप्रमाणे तपासायला बटण दाबलं. ते किंचाळलं. काकू उठल्या, उंबऱ्याशी रबरी चपला पायांत सरकवल्या, काठी घेतली आणि अंगणातल्या बर्फात जाऊन उभ्या राहिल्या. फोटो काढायला यंत्राखाली कोणीच उरलं नाही.

आवाज बंद झाला. ‘काही नाही काकू, या आत,’ हे ओठांवर आलं होतं.

“येऊ का गं?” त्यांनी बाहेरून विचारलं.

“थांबा,” मी म्हटलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. मागे जाऊन चुलीशी गुडघा टेकून बसले, धुराड्याचा एकेक सांधा हाताने चाचपला. परत येऊन यंत्रावरचा हिरवा दिवा पाहिला. मगच त्यांना हाक मारली.