सिल्लोड रोडचा स्वेटर

"मला सिल्लोड दे," चारुता म्हणाली आणि हिमांशूच्या हातातला चहा हिंदकळून त्याच्या पँटवर सांडला.

सांडणारच! त्या वर्षी सिल्लोडचा रस्ता मागून घेणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत सापडला नसता. चौपदरी करायचा म्हणून तो हर्सूलपासून पुढं सगळा उकरून ठेवला होता आणि ठेवला तो ठेवलाच. चौक्याच्या घाटात धूळ, फुलंब्रीच्या अलीकडं खड्डे, आळंदच्या पुढं नुसती खडी. त्या रस्त्यानं जाऊन आलेल्या माणसाला घरची कुत्रीसुद्धा आधी भुंकून घ्यायची.

हिमांशू आणि चारुता दोघंही पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला. पावसानं त्या वर्षी साफ पाठ फिरवलेली, दिवाळीच्या आधीच टँकर सुरू झालेले. विहिरी, बोअर, टँकर भरायच्या जागा, सगळीकडून पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून शहरात आणायचे, हे यांचं काम. एक जीप सिल्लोडकडं जायची, एक लासूर स्टेशनकडं, आणि दोन महिन्यांनी पाळी बदलायची. चारुताची सिल्लोडची पाळी संपून थोडेच दिवस झाले होते. लासूरचा नवा गुळगुळीत रस्ता तिच्या वाट्याला आलेला, आणि ही बाई म्हणते, मला सिल्लोड दे!

"बरी आहेस ना?" हिमांशूनं विचारलं.

"बरी आहे. मला टाका घट्ट हवाय."

हिमांशूला काही म्हणजे काही कळलं नाही. पण देव देतोय तर घ्यावं, या विचारानं त्यानं तिथल्या तिथं साहेबांना सांगून पाळी बदलून टाकली, वर चारुताला कचोरी खाऊ घातली. न जाणो, उद्या शुद्धीवर आली तर!

आता ही टाक्याची भानगड काय, ते पहिल्यापासूनच सांगायला हवं.

चारुताचा धाकटा भाऊ शंतनू. त्याच्या बायकोचं, प्रेरणाचं डोहाळजेवण गारखेड्याच्या घरी झालं, तिथं ठिणगी पडली. प्रेरणाचं माहेर कन्नडचं. तिथं आठवड्याला एकदा नळाला पाणी, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलेलं. जेवणं झाली, बायका विडे लावत बसल्या, आणि भानूआत्या घसा साफ करून म्हणाल्या, "बाळंतविड्याचं मीच बघते. चारूला या फिरतीच्या नोकरीत कुठला वेळ!"

भानूआत्या म्हणजे चारुताची सख्खी आत्या, भानुमती. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी विणलेल्या स्वेटरात सिडकोतली निम्मी पोरं वाढलेली. चारुताच्या हातात पहिल्यांदा सुया दिल्या त्या त्यांनीच, आणि "मासे धरायचं जाळं विणतेयस का गं?" असं म्हणून तिचा पहिला मफलर उसवला, तोही त्यांनीच.

"आत्या, बाळाची आत्या मी आहे," चारुता म्हणाली.

"आहेस की. आण ना तू गुलमंडीवरून एखादा छानसा तयार सेट. पण घरातला दंडक तुला माहितीय. कुंची, झबलं, स्वेटर, सगळं जिच्या हातचं, तिनंच बाळाच्या कानात नाव सांगायचं. तुमच्या दोघांचीही नावं मीच सांगितलीत."

दंडक होता खरा. या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आणि चारुताला आत्याचं बोलणं लागलं ते त्या दंडकामुळंच. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आजारी असताना आई तिला म्हणाली होती, "शंतनूच्या बाळाचं नाव तू ठेव बरं का, छान ठेव." तेव्हा शंतनूचं लग्नही ठरलेलं नव्हतं. आता हा एवढा एक मान, आणि तोही तयार सेटच्या पिशवीत घालून दुसऱ्याच्या हातात द्यायचा?

"सगळं मी करणार. माझ्या हातानं. बारशापर्यंत," चारुता म्हणाली.

"आणि नाही झालं तर?"

"तर नाव तुम्ही सांगा."

बायका विडे लावायच्या थांबल्या. भानूआत्या मान डोलवत म्हणाल्या, "ठीक. पण उलटी बाजू बघणार हं मी. मला सुलटीनं फसवता येत नाही."

झालं! बोलून तर बसली, पण वेळ आणायचा कुठून? सकाळी सातला जीप निघायची, परतायला संध्याकाळ. घरी आलं की टाकीत पाणी चढवा, पिंप भरा, उद्याच्या बाटल्या लावा. उरली कोण? जीप उरली. मग चारुतानं जीपमध्येच कारखाना मांडला. गाडी चालती असली की विणकाम, गाडी थांबली की शिवण. कारण धावत्या गाडीत शिवायची सुई धरली तर कापडापेक्षा बोटंच जास्त शिवली जातात, हे तिनं पहिल्याच दिवशी अनुभवलं.

जीपचा ड्रायव्हर फकिरा. गडी तोंडानं फटकळ, पण मनानं चांगला. पहिले दोन दिवस त्यानं आरशातून नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"ताई, सुई डोळ्यात जाईन ना कुनाच्या."

"तू खड्डा आला की ओरडत जा, मी हात थांबवते."

"मंग मला हर्सूलपासून सिल्लोडपोत्तर वरडतच ऱ्हावं लागंन!"

आणि खरंच ओरडत राहिला बिचारा. "ताई, खड्डा! ताई, लई मोठा!" चारुता दात आवळून, सुया घट्ट धरून, टाका सांभाळायची आणि खड्डा गेला की पुढचा घालायची. अशी स्वेटरची पाठ त्या रस्त्यावर तयार झाली. पिवळी लोकर, सुलट-उलट टाके, एकेक टाका असा बसलेला की बोट घालायला फट नाही.

गाडी थांबली की शिवण. सरपंच येईपर्यंत, विहिरीत दोर पोचेपर्यंत, टँकर येईपर्यंत. आईची एक मऊसूत सुती साडी तिनं ठेवली होती, तिचं झबलं आणि तिचीच कुंची. भवन गावाजवळच्या एका वस्तीवर टँकरच्या रांगेत घागर लावून बसलेली आवडाबाई तिच्या शेजारी येऊन टेकायची आणि झबलं बघून हसायची, "बया, उलटं शिवायलीस की! शिवन भाईर आली."

"बाळाला टोचू नये म्हणून बाहेर घेतलीय, मावशी."

"व्हय का? आमी तर उसवून उसवून दुसऱ्या पोराच्या टायमाला शिकलो," आवडाबाई म्हणाली आणि कुंचीला लावायला स्वतःच्या लुगड्याचा हिरवा काठ टरकन फाडून दिला. "लाव याला. जुनं हाय, मऊ हाय." चारुतानं तो काठ लावला, आणि कुंची अशी उठून दिसली की टँकर आलेला बायकांच्या उशिरा लक्षात आला.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग पाळी बदलली आणि जीप लासूरकडं जायला लागली. रस्ता कसला, गालिचाच. फकिरा शीळ घालायला लागला, चारुता मागं टेकून आरामात विणायला लागली. स्वेटरचा पुढचा भाग भराभर झाला. ती घरी आली, गादीवर पाठ पसरली, वर पुढचा भाग ठेवला आणि मटकन खालीच बसली.

पुढचा भाग दोन्ही बाजूंनी चांगला दोन-दोन बोटं मोठा! टाके तेवढेच, सुया त्याच, लोकर तीच. जोडला असता तर बाळाच्या छातीवर नुसता झोळ. बाळंतपण तोंडावर आलेलं, बाह्या अजून सुरूसुद्धा केलेल्या नाहीत. चारुताला रडूच कोसळलं. भानूआत्यांचं "मासे धरायचं जाळं" कानात घुमायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुढचा भाग उसवला आणि जीपमध्ये पुन्हा घातला. परत तेच, सैल. मुद्दाम आवळून विणायला जावं तर दोन ओळी घट्ट आणि गप्पांच्या नादात तिसरी ढिली. घरी खुर्चीत बसून विणून पाहिलं तर तिसरंच माप. तेवढ्यात एके दिवशी लासूरच्या अलीकडं पुलाचं काम निघालं, आणि फकिरानं जीप कोरड्या नाल्यात घातली. दगडधोंड्यांतून गाडी गदागदा हलत पलीकडं चढली. चारुतानं हातातलं विणकाम पाहिलं. नाल्यात घातलेल्या ओळी कशा पट्ट्यासारख्या घट्ट बसल्या होत्या!

"आत्ता गं बया!" ती एवढ्या जोरात ओरडली की फकिरानं ब्रेकच दाबला.

"काय झालं, ताई? बाटली फुटली का?"

"फकिरा, रस्ता! सगळा रस्त्याचा खेळ आहे. खड्डे असले की माझे हात आवळले जातात. गुळगुळीत रस्त्यावर ते सैल सुटतात. पाठ सिल्लोडची, पोट लासूरचं, कसं जुळणार?"

फकिरानं कपाळाला हात लावला. पण चारुताचा निर्णय तिथंच झाला. घट्ट तेच चांगलं, उलटी बाजूही तीच दाखवण्यासारखी. आणि त्याच संध्याकाळी ऑफिसात जाऊन तिनं हिमांशूचा चहा सांडवला.

परत सिल्लोड! परत धूळ, परत "ताई, खड्डा!" पहिल्याच दिवशी पुढच्या भागाची बॉर्डर घट्ट बसली. चारुताचा जीव भांड्यात पडला. आता तिला वाटलं, सुटले. पण कसलं काय! एके सकाळी फुलंब्रीच्या अलीकडं पोचतात तर एक बाजू चकचकीत काळी. रातोरात डांबर पडलेलं.

"ताई, डांबर! देव पावला!" फकिरा आनंदानं ओरडला.

"मेलं ते डांबर! त्याला आत्ताच पडायचं होतं? गाडी जुन्या बाजूला घे."

"आँ?"

"जुन्या बाजूला घे म्हणते ना! बाळ कधीही येईल फकिरा, माझ्या दोन्ही बाह्या राहिल्यात."

फकिरानं वळून तिच्याकडं बघितलं. "ताई, लोक खड्ड्यासाठी मोर्चे काढायलेत, अन्‌ तुमी खड्डे मागायल्या! कुनाला सांगू नगा, लोक हानतीन." पण पठ्ठ्यानं गाडी जुन्या बाजूला घातली. नव्या डांबरावरून एसटी, ट्रक, काळी-पिवळी सगळे सुसाट चाललेत, आणि ही एक जीप खडीतून गदगदत, आत एक बाई पिवळी बाही विणतेय. एका एसटीच्या खिडकीतून कुणीतरी "ओ, रस्ता इकडं हाय!" असंही ओरडलं. चारुतानं सुया उंच करून त्याला दाखवल्या.

दुसऱ्या बाहीचा शेवटचा टाका तिनं चौक्याच्या घाटात घातला, आणि हर्सूलला पोचायच्या आत शंतनूचा फोन आला. मुलगी झाली होती. चारुता जीपमध्येच हसायला लागली, मग रडायला लागली, आणि फकिरानं भर रस्त्यात दणादणा हॉर्न वाजवला.

बारशाला घर माणसांनी भरलं. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, बाहेर टँकरवाल्याशी शंतनूचं भांडण होऊन पाणीही आलं. भानूआत्या आल्या त्या एक मोठी पिशवी काखोटीला मारून. पिशवीची चेन अर्धवट उघडी होती आणि आतून गुलाबी लोकर डोकावत होती. चारुतानं ती पाहिली. तिच्या पोटात खड्डा पडला, सिल्लोड रोडवरचा सगळ्यात मोठा.

ती ताट घेऊन पुढं आली. कुंची, झबलं, आणि वर स्वेटर. भानूआत्यांनी चष्मा पुसला, घातला. कुंची उलटी करून पाहिली. झबल्याच्या शिवणीवरून नख फिरवलं. मग स्वेटर घेतला. उलटा केला. पाठ आणि पुढचा भाग एकमेकांवर ठेवून कडा जुळवल्या. एका बाहीत बोट घातलं, दुसऱ्या बाहीत घातलं. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. एक टाका तरी सैल सापडेल म्हणून शोधत होत्या, आणि सापडत नव्हता. प्रेरणा बाळाला घेऊन वाट बघत बसली होती.

"सगळा एका बैठकीत विणल्यासारखा आहे," भानूआत्या शेवटी म्हणाल्या. "धावत्या गाडीत विणला म्हणे? खरं सांग."

"खरंच आत्या, गाडीतच. रस्ता वाईट होता म्हणून जमलं."

"म्हणजे?"

"सांगते नंतर. आधी बाळाला घाला."

भानूआत्यांनी स्वतःच्या हातानं झबलं घातलं, वर तो स्वेटर घातला. कुठं ओढला गेला नाही, कुठं झोळ पडला नाही. वरून कुंची बांधली, तिच्या मऊ कापडावरून दोनदा बोट फिरवलं. "वहिनीची साडी ना ही?" त्यांनी हळूच विचारलं आणि चारुतानं मान डोलावली. मग त्यांनी आपल्या पिशवीची चेन सर्रकन लावून टाकली आणि ती पलंगाखाली सरकवली.

"बघताय काय सगळ्या? बाळाच्या आत्याला पाळण्यापाशी येऊ द्या!"

चारुता पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. आई छान ठेव म्हणाली होती. पावसाची सगळे वाट बघत होते त्या वर्षी तिनं नाव ठेवलं, "कुर्रर्र... सावनी!"

आणि रिवाजाप्रमाणं सगळ्या बायकांचे धपाटे तिच्या पाठीत पडायला लागले. धपाधप! सगळ्यात जोरात, दोन्ही हातांनी मारत होत्या त्या भानूआत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबत नव्हत्या. "अगं हळू, मोडेल तिची पाठ!" कुणीतरी म्हणालं.

चारुता खो खो हसत होती. सिल्लोड रोडवर तयार झालेली पाठ होती ती, जरासुद्धा हलली नाही.