पाण्याखालचे बोरघळ

आत्याची आठवण झाली की मला आधी तिचे पाय दिसतात. वैशाखातल्या दुपारी धरणाच्या पाण्यावरून उसळलेला उजेड तिच्या ओसरीच्या छपराला आतून थरथरत राही आणि त्या अस्थिर प्रकाशाखाली ती एक पाय लांब पसरून तांदूळ निवडत बसे. बोलता बोलता कुणाच्या तोंडून ‘बोरघळ’ निघाले की तो पसरलेला पाय हळूच आत येई, मग दुसरा. पाणी उंबऱ्यापर्यंत आले असावे अशा बेताने ती दोन्ही पावले लुगड्याखाली घेई. चेहऱ्यावर काही उमटत नसे. सुपातले हात तेवढे थांबत.

माझे वडील पौडला शिक्षक. आत्या त्यांची थोरली बहीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला तिच्याकडे सोडून जात. मुळशीच्या पाण्याकाठी, डोंगराच्या उतारावर तिची वस्ती होती आणि त्या वस्तीचे नावही बोरघळच. एका नावाची इतकी ओढाताण मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पौडच्या बाजारात बोरघळ म्हणजे धरण झाल्यावर वर येऊन वसलेली ही घरे. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसे पाण्यालाच बोरघळ म्हणत. ‘आज बोरघळात मासळी न्हाई’ असे सहज सांगत. पुण्याच्या पाहुण्यांच्या लेखी ती हवा खायची जागा. आत्याचे बोरघळ मात्र एकच होते. नवी नवरी होऊन ती ज्याच्या वेशीतून आत गेली ते, आणि ते आता तळाशी होते. वरच्या वस्तीला ती नुसते ‘हितं’ म्हणायची. खालच्या गावाला ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे.

त्यामागे एक गोष्ट होती. लग्नाची पहिली अक्षत गावच्या भैरोबाला द्यायची, ही बोरघळकरांची रीत. देवाची मूर्ती वर आणून नवे देऊळ बांधले होते, पण जुन्या माणसांचे मन त्या देवळात रमले नाही. ती होडीने बुडालेल्या देवळावर जात, गावाचे नाव घेऊन देवाला हाक मारत आणि अक्षत पाण्यात सोडत. थोरल्या मुलीच्या लग्नात आत्याचे यजमान असेच गेले. वारा उठला, होडी उलटली, ते परत आले नाहीत. काठावर उभ्या असलेल्या आत्याला त्यांनी गावाचे नाव घेऊन देवाला दिलेली हाक मात्र स्वच्छ ऐकू आली होती. त्यानंतर ते नाव तिला नेहमी त्यांच्याच आवाजात ऐकू येई.

धाकट्या मुलीचे, सोनीचे, लग्न जवळच्याच चांदे गावी ठरले, त्या उन्हाळ्यात मी तिथेच होते. मी नुकतीच साडी नेसू लागले होते आणि लग्नघर म्हटले की हुरळून जायचे माझे वय. पण त्या घरात हळदीच्या वासाआधी भीतीच येऊन बसली. अक्षत न द्यावी तर देवाचा कोप सोनीवर; द्यायला जावे तर पाणी पुन्हा कुणाला तरी ठेवून घेईल. आत्याची झोप उडाली. भांडे पडले तरी ती दचके. सोनीला पाणवठ्यावर जाऊ देईना. हंडा स्वतः भरून आणी, तोही पाण्याकडे पाठ करून. तिचे ते मुके भय हळूहळू माझ्यातही उतरले आणि छपरावरच्या त्या नाचऱ्या उजेडाकडे बघणे मी सोडून दिले.

तिचे धाकटे दीर गणपतराव शहाणपणाचे बोलायला आले. “वयनी, देव वर आणलाय न्हवं? हितंच द्या अक्षत. बोरघळ आता हेच हाय.”

“नाव वर आणलं म्हंजी गाव वर आलं व्हय?”

“मंग मी जातो.”

“न्हाई. ह्या घरातला आणखी एक गडी मी द्यायची न्हाई. मीच जाते.”

गणपतराव खाली बघत पुटपुटले, “विधवेच्या हातची अक्षत देवाला चालंल का?”

“त्याच्याच दारात झाले मी विधवा,” आत्या म्हणाली. “त्यालाच इचारते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझे मनगट धरले. सोनीला ती नेणार नव्हती आणि एकटीने होडीत पाऊल टाकण्याचे बळ तिच्यात नव्हते. डोंगरवाडीचा भागू होडी वल्हवत होता. पाणी साय धरलेल्या दुधासारखे निश्चल होते आणि त्या निश्चलतेचीच मला धडकी भरली. वल्ह्याखेरीज आवाज नव्हता. आत्या पाय पोटाशी घेऊन बसली होती, मूठ कुंकवाच्या तांदळांवर घट्ट मिटलेली. एकाएकी होडीचा तळ कशाला तरी खरखरत घासला. मी किंचाळले. “देवळाम्होरल्या चिंचंचा शेंडा हाय,” भागू हलक्या आवाजात म्हणाला, “हितंच.”

आत्याचे ओठ हलले, पण शब्द येईना. तिची बोटे माझ्या मनगटात रुतली. मला वाटले, आता ही मागे फिरा म्हणेल, आणि खरे सांगते, तिने तसे म्हणावे म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. मग तिने डोळे मिटले.

“बोरघळच्या भैरोबा!” तिचा आवाज फाटला, पाण्यावरून पलीकडच्या कड्यावर गेला आणि परत आला. “सोनीचं लगीन हाय. लग्नाला या. पायवाटेनं या, पाण्यानं येऊ नगा.” मग देवाशी नव्हे, घरातल्या माणसाशी बोलावे तसे म्हणाली, “येताना त्यास्नी बी घिऊन या.”

मूठ उघडली. लाल तांदूळ पाण्यात पसरले आणि एकेक करत खाली गेले. वारा उठला नाही. काठ येईपर्यंत ती माझे मनगट सोडायला तयार नव्हती.

लग्न निर्विघ्न पार पडले. मांडवात आत्याने दाराजवळ एक पाट मांडून मोकळा ठेवला होता आणि कुणालाही त्यावर बसू दिले नाही. सोनी चांद्याला सुखाने नांदते आहे. आत्याने मात्र ते नाव पुन्हा कधी उच्चारले नाही, आणि ते तसेच ओठांआड ठेवून ती गेली.

आता वस्तीपर्यंत सडक झाली आहे, एस.टी. येते. काठाकाठाने गाडी वळते, खिडकीत पाणी चकाकते, आणि कंडक्टर ओरडतो, “चला, बोरघळवाले उतरा!” माणसे पिशव्या सावरत, हसतखिदळत उतरतात. माझी पावले तेवढी नकळत आसनाखालून वर येतात. त्या नावाने पाय आत घेणारी मी आता एकटीच उरले आहे, आणि माझ्यामागे ते पाणी नुसतेच पाणी होऊन जाईल, याची मला भीती वाटते.