माया म्हणजे काय

मुलीचं नाव तुर्कीत चालायला हवं, इंग्लिशमध्येही. मराठीचं कुणी विचारलंच नाही! लेकीच्या, कस्तुरीच्या बाळंतपणासाठी लीड्सला आलेल्या वीणाताई धुमसत होत्या. त्यात तुर्की जावई एमरे म्हणाला, "माया."

आपलं नाव याच्या तोंडी? वीणाताईंच्या मनात पाल चुकचुकली.

"त्यांच्यात अर्थ काय गं याचा?"

कस्तुरीने नजर चुकवली. "विरजण."

"माझ्या नातीचं नाव विरजण? चेष्टा करतोय आपली!"

एमरेने फ्रिजमधून दह्याचं भांडं आणलं.

"आई, लग्नात तू रुमालावर वाळवून दिलेलं विरजण आहे हे," कस्तुरी म्हणाली. "मी कधीच विसरले होते. तोच जपतोय."

वीणाताईंनी चमचाभर चाखलं.

"आंबवलंय फार," त्या गुरगुरल्या. "मायाला असलं देऊ नका."