बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम दारावर नाही, एका फळीवर आहे. दारावरून फळीवर कशी आले ते सांगताना माझा आवाज चढला तर चालवून घ्या. राग अजून गेलेला नाही.

एका छोट्या कारखान्यात मला ओतलं, घासलं आणि चार भोकं पाडून विकायला ठेवलं. एका तरुण सुतारानं माझी दांडी दहा वेळा सरकवून बघितली आणि मला घरी नेलं. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. त्यांनी मला स्वतःच्या खोलीच्या दाराला आतून बसवलं. चार भोकांत चार स्क्रू, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत. "दार कधी उघडायचं ते आतल्या माणसानं ठरवायचं," असं ते नव्या नवरीला म्हणाले. चाळीस वर्षं मी तेवढंच काम केलं आणि एकदाही अडकले नाही.

पुढे मिस्त्रींची बायको गेली, मुलाचं लग्न झालं, आणि मिस्त्री विसरू लागले. आधी लिहून ठेवलेली मापं, मग जेवण झालं की नाही ते, मग मुलाचं नाव. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर. मेंदूचा आजार, हळूहळू वाढणारा. आजची गोष्ट आधी पुसली जाते, जुनी बराच काळ राहते. हातांत मुरलेलं काम तर पुष्कळदा त्याहून जास्त टिकतं. वय झालं म्हणजे हे व्हायचंच, असं मुळीच नाही. मुलानं मान डोलावली. घरी येईपर्यंत शेवटची दोन वाक्यं तो विसरला. त्याला मात्र कोणी आजारी म्हटलं नाही.

समोरच्या इस्त्रीवाल्यानं तर एका शब्दात निकाल लावला. "म्हातारचळ लागलाय, दुसरं काय!" पाय मोडला असता तर त्याला चळ म्हणाला असता का?

एके सकाळी मिस्त्री वखारीत कामाला निघाले. ती वखार पाडून बारा वर्षं झाली. तिथे आता गाड्या उभ्या राहतात. चार तासांनी ते सापडले, अनवाणी. दुसऱ्या दिवशी मुलानं मला आतून उपटलं आणि त्याच दाराला बाहेरून ठोकलं. भोकं चार, स्क्रू तीन. सुताराच्या पोटच्या मुलानं!

"अहो, बाबांना कोंडायचं?" सून म्हणाली.

"मग तू बसतेस दिवसभर त्यांच्यापाशी?"

ती सहा महिने तेच करत होती. ते त्याला दिसलं नव्हतं.

मग रोज दुपारी आतून तळहात आपटायचे. "उघडा, मी आहे आत!" ज्या माणसाच्या शब्दावर मी चाळीस वर्षं सरकले, त्यालाच मी अडवत होते. मला तोंड असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती.

नवव्या दिवशी सून भाजी आणायला गेली. आत तळहात वाजले नाहीत. करकर असा बारीक आवाज सुरू झाला. तो मी ओळखला. कोंडणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. कडी बाहेर गेली, तरी बिजागऱ्या आतच होत्या, आणि कोंडलेला माणूस सुतार होता. त्यांनी ताटातल्या चमच्याच्या दांड्यानं तिन्ही बिजागऱ्या सोडवल्या, दार त्या बाजूनं आत ओढलं, तशी माझी दांडी आपसूक सुटली.

सून आली तेव्हा दार भिंतीला टेकवलेलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर अठरा स्क्रू ओळीनं मांडलेले, एकही कमी नाही. बाहेरचा दरवाजा नुसता लोटलेला होता, पण मिस्त्री कुठे गेले नव्हते. स्टुलावर बसून मला निरखत होते.

"बाबा! अहो, दार का काढलंत?"

"चुकीचं बसवलंय, बाई. कडी आतून पाहिजे. आत माणूस राहतो, कोंबड्या नाहीत. आणि चौथा स्क्रू कुठाय?"

"राहिला असेल."

"ज्यानं बसवलं त्याला पुन्हा काम देऊ नका." मग ते जरा पुढे झुकले. "तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे का?"

सुनेच्या हातातली पिशवी खाली आली. "आहे."

"मग कडी लावताना त्याला विचारलंत का?"

संध्याकाळी मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी आला. "आता बिजागऱ्याही बाहेरून बसवतो," म्हणाला.

सुनेनं वाट अडवली. "बसवा. पण आधी तुम्ही आत बसा. एक तास. मी बाहेरून कडी लावते."

तो आत गेला नाही. दारही त्या दिवशी बसलं नाही.

आता बाहेरच्या दरवाज्याला घंटा आहे. दार हललं की वाजते. आठवड्यातून दोन दुपारी शेजारच्या काकू बसतात, सुट्टीला मुलगा. खोलीचं दार परत बसलंय, आणि त्याला आतून नवी कडी आहे. मला एका फळीवर लावलंय, शेजारी दोन बिजागऱ्या. मिस्त्री रोज सगळं सोडवतात आणि पुन्हा बसवतात. चार भोकं, चार स्क्रू.

तरी माझा राग जात नाही. फळीवरून मला समोरचं घर दिसतं. इस्त्रीवाल्याच्या आतल्या खोलीलाही बाहेरून कडी आहे. आत त्याची आई असते. गल्लीत म्हातारी माणसं वाढताहेत, तशा बाहेरच्या कड्याही.

मित्रांनो, आज घरी गेलात की एकदा बघा, तुमच्याकडे कडी कुठल्या बाजूला आहे. बाहेर असेल तर गप्प बसू नका.

मिस्त्री दिवसातून वीस वेळा विचारतात, "कडी आतून आहे ना?" आणि सून विसाव्यांदाही, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, सांगते, "हो बाबा, आतूनच आहे."