आईचा उजवा गुडघा

माझे आईबाबा गेली पाच वर्षं दा नांगला राहतात. दा नांग म्हणजे व्हिएतनाममधलं समुद्रकाठचं शहर. लोकांना आधी ते कुठे आहे हे सांगावं लागतं, मग आई तिथे काय करते हे सांगावं लागतं. काय करते? राहते. पहाटे पाचला अख्ख्या गावाबरोबर समुद्रात उतरते, पोहते (पोहायला शिकली बासष्टाव्या वर्षी!), फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून दाट गोड कॉफी पिते आणि बाबांच्या मागे स्कूटरवर बसून बाजारात जाते. बाजारातल्या बायकांशी ती अर्ध्या खुणांनी आणि अर्ध्या मराठीत घासाघीस करते. दर तीन महिन्यांनी दोघं व्हिसासाठी सीमेपलीकडे जाऊन येतात, तीही त्यांना सहलच वाटते.

त्याआधी आम्ही कॅनडात, एडमंटनला होतो. सांगलीहून तिथे गेलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा इंजिनिअर, आई एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला. हिवाळ्यात अंधारात उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, अंधारातच घरी परत यायचं. बाबा रिटायर झाले त्याच वर्षी आईने घर विकायला लावलं. "उरलेल्या आयुष्यात मी स्वेटर घालणार नाही," असं तिने जाहीर केलं. मला तिचं काय कौतुक वाटलं होतं! ऑफिसात सगळ्यांना मी तिचे समुद्रातले फोटो दाखवायचे.

मग इथे माँट्रियालला, लग्न होऊन आलेल्या मला दिवस गेले आणि तारीख निघाली जानेवारीची.

"जानेवारीत? माँट्रियालला?" आई फोनवर म्हणाली. मग जरा थांबून, "अगं, मी एप्रिलमध्ये येते ना. बारसं तेव्हाच करू, थाटात."

"शुअर आई, नो प्रॉब्लेम," मी म्हटलं.

आता पहिलं बाळंतपण माहेरचं, हे लेकीने आईला सांगायचं असतं का? मी वाट पाहत राहिले की दोन दिवसांनी फोन येईल, "वेडे, मी न येता राहीन का?" म्हणून. फोन आला. घरमालकिणीची सून बाळंत झाली होती. आई सांगत होती, "अक्षरा, इथेही बाळंतिणीला शेक देतात, गार पाण्याला हात लावू देत नाहीत. अगदी आपल्यासारखंच गं! मी लाडू करून दिले तिला." मी "वॉव" म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

तर अशा त्या दिवसांत, माँट्रियालच्या ब्रॉसार्ड उपनगरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, अरुणामावशींनी मला चारचौघींत विचारलं, "आई येणार ना गं बाळंतपणाला?"

अरुणामावशी म्हणजे इथल्या सगळ्यांच्याच मावशी. पन्नास वर्षांपूर्वी विलासकाकांबरोबर आलेल्या. विचारलं ते मायेनेच, पण बाकीच्या बायकांनी हातातल्या प्लेटी थांबवल्या. माझ्या नवऱ्याच्या, क्षितिजच्या आईचा व्हिसा अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या आईकडे तर कॅनडाचा पासपोर्ट. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो मावशी, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे ना जानेवारीत."

"अगं बाई!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. अरुणामावशींनी माझा हात धरला. "काळजी करू नकोस. मी आहे."

आणि त्या खरोखरच होत्या. जानेवारीत लेक झाल्यापासून स्नोबूट घालून, विलासकाकांना गाडी काढायला लावून रोज यायच्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाचं तेलपाणी. ओव्याची धुरी दिली तेव्हा काँडोचा स्मोक अलार्म वाजला आणि खालच्या मजल्यावरचे फ्रेंच शेजारी मस्यू त्रांब्ले पायजम्यावर धावत वर आले, तर मावशींनी त्यांनाच एक लाडू दिला. जिना चढताना त्या दर पायरीला थांबायच्या. मला दिसत होतं. म्हातारपण, असं म्हणून मी सोडून दिलं.

एप्रिलमध्ये आई आली. एकटीच, कारण बाबांचे दात तिथल्या डेंटिस्टकडे अर्धे बसवून झाले होते. एअरपोर्टवर ती दारातून बाहेर आली आणि मी आधी तिचे गुडघेच पाहिले. रापलेली, काटक, दोन्ही बॅगा स्वतः ओढत चाललेली. नदीवरच्या शॅम्प्लेन ब्रिजवर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मी तिला एकदाचं सांगून टाकलं.

ती आधी हसली. "ऑपरेशन? माझं? आणि का म्हणून?"

"मग काय सांगू? आई बीचवर आहे?"

"सांगायचं की! मला कसली लाज?"

"मला आहे," मी म्हटलं.

तिने खिडकीतून नदीकडे पाहिलं. कडेला अजून काळपट बर्फ साचलेला होता. मग तिने विचारलं, "कुठला गुडघा?"

"उजवा."

बारशाच्या दिवशी आई लंगडत होती. इतकं झकास लंगडत होती की मला हसू येत होतं आणि त्या हसण्याचीच शरम वाटत होती. बायका येत होत्या, "कसा आहे गुडघा?" विचारत होत्या आणि आई "आता बरंय हो, फिजिओ चालू आहे" म्हणत होती. अरुणामावशींनी तर येतायेताच तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, पायाखाली उशी दिली. "अजिबात उठायचं नाही, चित्राताई. दुसऱ्या कुणाला नाही, पण मला विचारा गुडघ्याचं दुखणं."

पाळणा मंडळाचा होता, घडीचा, स्टीलच्या पाइपचा आणि चांगलाच बुटका. आमच्याकडे बाळाला एकीने पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने घ्यायचं आणि वरून परत करायचं. त्यासाठी दोघींना थेट जमिनीवर उकिडवं बसावं लागतं. एका बाजूला क्षितिजची बहीण श्रावणी, विनिपेगहून आलेली. दुसरी बाजू आजीची. आई खुर्चीच्या कडेवर आली होती, हातही पुढे झाले होते तिचे.

"तुम्ही बसा, चित्राताई," अरुणामावशी म्हणाल्या. "मी वाकते तुमच्या वाटचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. अजून वेळ होती. मी पाळण्याच्या फुलांची माळ नीट करायला लागले.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," बायकांनी सुरू केलं. मावशी पाळण्याचा पाइप धरून खाली बसल्या. चेहरा आवळला गेला होता, तरी म्हणत होत्या. बाळ खालून गेलं, वरून आलं. दुसऱ्यांदा बाळ श्रावणीच्या हातात देऊन त्या उठायला गेल्या आणि उठताच येईना. त्यांनी सगळा भार पाइपवर टाकला, पाळणा त्यांच्या अंगावर कलला.

आई खुर्चीतून उठली कधी ते कुणालाच कळलं नाही. एका हाताने तिने पाळणा सरळ केला, झटकन खाली बसली, मावशींच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून उभं केलं. स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर जोर देऊन.

"काकू, तुमचा गुडघा!" श्रावणी ओरडली.

मग सगळ्यांनीच आईच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिने "आई गं" म्हणून खाली बसायला हवं होतं. मनातल्या मनात मी तिला ते सांगतही होते. पण आई उभीच राहिली.

"माझं ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मी दा नांगलाच होते. मला थंडी नको होती. आणि हे खोटं मीच हिला सांगायला लावलं."

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी माझ्या लेकीचं झबलं सारखं करत राहिले.

"म्हणजे?" विलासकाका सोफ्यावरून म्हणाले. "मग आमच्या हिने तारीख कशाला सोडली?"

"अहो, पुरे," मावशी म्हणाल्या.

"पुरे काय? दोन वर्षं थांबून फेब्रुवारीची तारीख मिळाली होती गुडघ्याची. हिने फोन करून नको म्हणून सांगितलं. आता परत रांगेत शेवटी."

मी मावशींकडे पाहिलं. त्या अवघडून हसल्या, चूक त्यांचीच असल्यासारख्या. "अगं, मला वाटलं तुझ्या आईचं थांबण्यासारखं नसेल. माझं थांबण्यासारखं होतं, इतकंच."

"मावशी, आईने नाही सांगितलं," मी म्हटलं. "मीच खोटं बोलले. मला लाज वाटत होती."

"बरं बरं. आधी नाव ठेवा, बाळ कंटाळलंय."

नाव ठेवलं. केया. श्रावणीने कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पण नेहमीसारखे जोरात कुणीच घातले नाहीत. घुगऱ्या वाटल्या. लोक लवकर उठले, प्रत्येकाला अचानक उद्याचं काम आठवलं.

मावशी मात्र शेवटपर्यंत थांबल्या, कारण त्यांना लगेच चालता येईना. आई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसून गुडघ्याला तेल लावत होती.

"अरुणाताई, आता कधी मिळेल तारीख?" आईने विचारलं.

"काय माहीत. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत, नशीब असलं तर."

आईचा हात थांबला. मग ती म्हणाली, "मी येईन. तुमचं सगळं करायला मी येईन."

मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नको हो, चित्राताई. इथे फार थंडी असते तेव्हा. तुम्हाला नाही सोसायची." मग माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या, "आणि हिलाही बाळ सोडून यायला सांगू नका. आमचं आम्ही करू."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधत होते. तो कुठेच नव्हता. त्यांना खरोखरच आमची काळजी वाटत होती. आई मान खाली घालून तेल चोळत राहिली आणि मला तिच्याकडेही बघवेना, मावशींकडेही.