पार्सिपनीच्या परसातले गोफणयंत्र

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. मी आता काही फेकत नाही. मी एक जुने गोफणयंत्र आहे. जन्म पार्सिपनी, न्यू जर्सी. शंतनू आणि हिमानी यांच्या घरामागचे परस हेच माझे गाव.

माझे कूळ मात्र फार मोठे. कोणी आपले कूळ सांगू लागले की लोक जांभया देतात हे मला ठाऊक आहे. तरी थोडे ऐकून घ्या. आठशे वर्षांपूर्वी युरोपातले सरदार धर्मयुद्धाच्या नावाखाली समुद्र ओलांडून पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर गेले. त्यांच्यात हॉस्पिटलर नावाचा एक संघ होता. हे मूळचे रुग्णसेवक. दवाखाना चालवायचे, आजाऱ्यांना स्वच्छ बिछान्यावर निजवायचे, त्यांना स्वतः जेवू घालायचे. पुढे त्यांच्या हाती तलवार आली आणि तलवारीमागून माझ्यासारखी यंत्रेही आली. एकीकडे पेज पाजायची आणि दुसरीकडे शहराच्या तटावर दगड फेकायचे, असा त्यांचा संसार. अक्का नावाच्या शहराला वेढा पडला तेव्हा या संघाचे स्वतःचे यंत्र तिथे होते. तिथे काही यंत्रांना नावेसुद्धा होती. बाहेरून मारा करणारे एक होते 'वाईट शेजारी', आणि तटाच्या आतून त्याला उत्तर देणारे 'वाईट चुलतभाऊ'. म्हणजे भाऊबंदकी काही आपल्याकडेच आहे असे नाही! पण तट ढासळले, माणसे मेली. या कुळाचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी जन्मले ते अनिकामुळे. अनिका ही शंतनू-हिमानीची मुलगी, तेव्हा सातवीत होती. शाळेत मध्ययुग शिकवत होते आणि तिच्या वाट्याला हॉस्पिटलरांचे वेढे आले होते. बाकीची मुले आइस्क्रीमच्या काड्यांची यंत्रे करणार होती. अनिकाला खरेखुरे हवे होते, कारण ऑक्टोबरात एका शेतावर शाळेची भोपळाफेक होती.

"किट मिळतं गं. ऑर्डर करून टाकतो, वीकेंडला असेम्बल करू," शंतनू लॅपटॉपमधून डोके न काढता म्हणाला.

"काय फेकायचं आहे तिला?" सोफ्यावरून आवाज आला. ते मनोहर आजोबा, शंतनूचे वडील, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले.

"भोपळा, बाबा," हिमानी म्हणाली.

"मग किट कशाला? मोठी गोफण करू ना. जवारीच्या वावरात पाखरं हाकलायला लहानपणी आम्ही हेच करत होतो."

मित्रांनो, या आजोबांची एक गोष्ट सांगते. त्यांनी जन्मभर नागपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लेथवर तोफगोळ्यांची कवचे कातली. इतके गोळे हाताखालून गेले, पण एकही उडताना त्यांनी पाहिला नव्हता. गोळे पेट्यांत बसून निघून जायचे, आणि आजोबा दुसरा कातायला घ्यायचे. पार्सिपनीत तर त्यांना तेवढाही उद्योग नव्हता. खिडकीतून टपालाची गाडी बघायची आणि चहाची वाट पाहायची. नातीशी बोलावे तर ती इंग्रजीत उत्तर देई. मग दोघे समजल्यासारखे हसत आणि आपापल्या खोलीत जात.

माझ्यामुळे ते खोलीबाहेर आले. दुकानातून पाइनचे वासे आणले. उभी चौकट झाली, तिच्यावर लांब दांडा बसला. दांड्याच्या आखूड टोकाला वजन हवे होते. हिमानीने साठवलेल्या बासमतीच्या रिकाम्या पिशव्या आजोबांनी खडीने भरल्या. लांब टोकाला झोळी हवी होती. शंतनूची जुनी जीन्स कामी आली. झोळीची एक दोरी दांड्याला पक्की आणि दुसरीच्या टोकाला कडी, ती नुसती खुंटीवर अडकवलेली. खटका ओढून वजन खाली आले की झोळी भिरभिरत वर जाते, कडी खुंटीवरून निसटते आणि भोपळा सुटतो. एवढेच माझे शास्त्र.

या खटाटोपात अनिका मराठीत विचारू लागली आणि आजोबा इंग्रजीत रागावू लागले. "नो नो, नॉट लाइक दॅट! ओळंबा बघ आधी!" मग ती चौकट सरळ उभी आहे का ते ओळंब्याने बघे. संध्याकाळी हिमानी दोघांना जेवायला हाका मारून थके. शंतनूला वाटते, मी भोपळे फेकायला जन्मले. मी त्या दोघांना बोलते करायला जन्मले, आणि हे बोलणे टिकावे, एवढीच माझी आयुष्यभराची काळजी.

ती काळजी लवकरच खरी ठरली. भोपळाफेक होती दसऱ्याला आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची. लेथ धुऊनपुसून लख्ख, तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि जो भाग फिरतो त्यालाच लाल दोरा. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली की पहिल्याच फेऱ्याला तो दोरा तटकन तुटायचा. तोच कामाचा मुहूर्त. आजोबांनी माझीही तशीच साग्रसंगीत पूजा केली. मी मोठ्या तोऱ्यात उभे होते. माझ्या कुळात झेंडूचा हार कोणाच्या गळ्यात पडला असेल? शेवटी त्यांनी कडीसकट खुंटीला लाल दोऱ्याचे वेढे दिले आणि गाठ मारली.

शेतावर अनिकाच्या ते लक्षात आले.

"आजोबा, हा थ्रेड रिंगवर आहे. कट करूया?"

"पूजेचा दोरा कापायचा नसतो, बेटा. तुटते तो आपोआप. काळजी नको करू."

"पण तो नाही तुटला तर?"

"चाळीस वर्षं पाहिलं आहे मी. तुटते."

पण मित्रांनो, मी काही लेथ नव्हे. मला मोटर नाही. आणि दोरा होता इंडियन ग्रोसरीतला, चिवट नायलॉनचा. अनिकाने खटका ओढला. वजन खाली आले, झोळी वर गेली, कडी खुंटीला घट्ट बसून राहिली. भोपळा पुढे गेला आणि झोका घेऊन तसाच मागे आला. मागे येताना तो झोळीतून निसटला आणि आमच्याच घडीच्या टेबलावर, हिमानीने पहाटे उठून तळलेल्या बटाटेवड्यांच्या डब्यावर जाऊन फुटला. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! सगळे शेत हसले. शाळेतल्या मुली पोट धरून हसल्या. अनिकाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग अगदी लहान झाला.

"आय टोल्ड यू! तुम्ही ऐकतच नाही, आजोबा! यू रुइन्ड इट!"

आजोबा टेबलापाशी गेले. त्यांनी खाली वाकून वड्यांचा डबा उचलला आणि त्यातला भोपळा बोटांनी बाजूला करू लागले. मला तेव्हा फार वाईट वाटले. एवढ्या माणसांत त्यांचे कोणीच नव्हते.

घरी परतल्यावर बोलणे बंद. जेवताना अनिका ताटाकडे बघे आणि आजोबा तिच्याकडे. त्यांचे परतीचे विमान पुढच्या रविवारी होते, आणि बॅग भरायला त्यांनी बुधवारीच घेतली. हिमानी म्हणाली, "अगं, सॉरी म्हण ना त्यांना." अनिका म्हणाली, "त्यांनी आधी म्हणावं." चूक कबूल न करण्याचा गुण घराण्यात खोल मुरलेला दिसतो.

शुक्रवारी दुपारी आजोबा स्टूल घेऊन माझ्याजवळ आले. कात्री आणली नव्हती. चष्मा कपाळावर चढवून ते नखांनी दोऱ्याची गाठ सोडवू लागले. मोतिबिंदूचे डोळे, कातकामाने जाड झालेली बोटे आणि नायलॉनची गाठ. गाठ काही हलेना. शाळेतून आलेली अनिका स्वयंपाकघराच्या खिडकीत कितीतरी वेळ उभी राहून बघत होती. मग ती बाहेर आली आणि तिने आपली बारीक बोटे गाठीत घातली.

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. "लेथ वेगळी, हे वेगळं. तू सांगत होतीस ते बरोबर होतं."

"आय वॉज मीन. सगळ्यांसमोर ओरडले मी," ती म्हणाली आणि रडू लागली. गाठ सुटली तेव्हा तो लाल दोरा तिने माझ्या चौकटीच्या पायाला बांधायला दिला. "इथे बांधा. इथे काही हलत नाही."

मग त्यांनी एक छोटा भोपळा झोळीत ठेवला. खटका आजोबांनी ओढावा असा अनिकाचा हट्ट. कडी निसटली, भोपळा सुटला, कुंपणावरून गेला आणि मागच्या झाडीत दिसेनासा झाला. आजोबा मान वर करून बघत राहिले. "गेला!" ते म्हणाले. "अनू, अगं पाहिलंस का? गेला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते लपवायचे त्यांना सुचलेही नाही.

पुढची वर्षे चांगली गेली. आजोबा एक वर्षाआड येत आणि आम्ही भोपळे, सडके टरबूज, एकदा तर हिमानीचा बिघडलेला मिक्सरसुद्धा फेकला. हळूहळू मात्र अनिका मोठी झाली. तिला परीक्षा, मैत्रिणी, ड्रायव्हिंग. आजोबांचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांचे येणे थांबले. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का?" "हो." "बाय आजोबा." एवढेच उरले. माझ्या झोळीत पाने साचली, खडीच्या पिशव्या फाटल्या. बर्फ पडे, वितळे, आणि माझ्या लाकडात मुरे. माझ्याकडे बघायला कोणी येत नव्हते. लाकूड कुजते तेव्हा आवाज होत नाही.

यंदाच्या वसंतात आजोबा नागपुरात पडले. खुब्याचे ऑपरेशन झाले आणि शंतनूने त्यांना कायमचे इथे आणले. आता त्यांना एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही आणि दुसऱ्याने अंधुक दिसते. घरात ते भिंत चाचपडत चालतात. परसात उतरायला मागे चार पायऱ्या आहेत, पण त्यांना कठडा नाही. "मी कोणाचा हात धरून उतरणार नाही," असे त्यांनी सांगून टाकले आणि ते काचेच्या दारापाशी खुर्ची टाकून बसू लागले. कॉलेजला जायच्या आधीची सुट्टी म्हणून अनिका घरीच होती. ती त्यांच्याजवळून जाताना थबके, काहीतरी बोलू बघे, आणि बोलायला काही नाही म्हणून पुढे जाई. पुन्हा पहिल्यासारखे, समजल्यासारखे हसणे. मला ते बघवत नव्हते.

एका सकाळी हिमानी म्हणाली, "शंतनू, परसातलं ते सगळं सडलंय. शनिवारी जंकवाल्यांचा ट्रक बोलावलाय मी." शंतनू म्हणाला, "बरं. आणि पायऱ्यांना रेलिंग ऑर्डर करतो, नेक्स्ट वीकमध्ये येईल."

"थांब, बाबा," अनिका म्हणाली. "ऑर्डर नको करू."

ती पाना घेऊन माझ्याकडे आली. तिने माझे बोल्ट सोडले, दांडा उतरवला आणि ओढत ओढत काचेच्या दारापाशी नेला. दार सरकवून तिने तो आजोबांच्या मांडीवर टेकवला.

"आजोबा, यातलं चांगलं लाकूड किती आहे? मला कळत नाहीये."

आजोबांनी बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. पुन्हा टकटक. "हे गेलं. हेही गेलं. इथून पुढे मात्र खणखणीत आहे. इथे काप."

"इथे?"

"अगं, थोडं अलीकडे! घाई नको करू."

करवत चालली तेव्हा मला दुखले, खोटे कशाला बोलू? पण तीन दिवस ती दोघे अखंड बोलत होती. माझ्या चौकटीचे खांब झाले. माझा दांडा घासून असा गुळगुळीत केला की कुसळ लागू नये. शनिवारी ट्रक आला आणि उरलेसुरले कुजके तुकडे घेऊन गेला. मी पायऱ्यांच्या कडेला कठडा होऊन उभे होते.

दुपारी आजोबा उठले. दारातून त्यांनी हात पुढे केला, हवेत जरासा चाचपडला, आणि तो माझ्यावर टेकला. अनिका त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक पायरी उलटी उतरत होती, पण तिने हात पुढे केला नाही. आजोबांनी सगळा भार माझ्यावर टाकला. पहिली पायरी. दुसरी. मी जरासुद्धा हलले नाही. खाली गवतात पाय टेकल्यावर ते म्हणाले, "अनू, मजबूत झालं आहे." आणि अनिका म्हणाली, "आजोबा, उद्या कुंपणापर्यंत जाऊ."

मित्रांनो, एक मागणे आहे. घरातली एखादी जुनी वस्तू मोडली म्हणून लगेच ट्रक बोलावू नका. आधी घरातून एक चक्कर मारून या. कोणाचा तरी हात भिंत चाचपडत असेल.